झाकणांवरची नावं

रविवार, ९ मार्च

ताई,

तुला एक नमस्कार, आणि भाऊजी, तुम्हाला दोन. एक मोठे म्हणून आणि दुसरा माझं अक्षर वाचायला बसलात म्हणून. इकडे सगळं ठीक. खोलीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला. वरच्या मजल्यावरचे लोक अजून दिवसभर कपाटं सरकवतात. काय शोधतात कोण जाणे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू विचारतेस, "काय गं, कुठवर आल्या माझ्या पेशी?" आणि माझ्या तोंडून "येतायत, येतायत" असं निघून जातं. कागदावर तरी मी जरा सरळ वागेन असं वाटलं. बघू.

तर पेशींची बातमी. जंगली किड्याच्या रेशमावर पेशींनी काय सुंदर जीव धरलाय, असं मी मागे ओरडून सांगितलं होतं ना? दान केलेल्या डोळ्यातून दृष्टिपटलाच्या तळचा थर काढायचा, त्यातल्या पेशी रेशमाच्या पातळ पापुद्र्यावर सोडायच्या आणि उबेत ठेवायच्या, हे माझं काम. दोन डिश होत्या. एकीत पाळीव किड्याचं रेशीम, दुसरीत जंगली. विरघळवून पापुद्रा केला की दोन्ही अगदी सारखे दिसतात. जंगलीचं नाव असलेल्या डिशमध्ये पेशी फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना खेटून बसल्या, काळ्याभोर. दुसरीत चार इकडे, चार तिकडे, रुसल्यासारख्या. जंगली रेशमाचा हट्ट माझा होता, त्यामुळे मला आभाळ ठेंगणं झालं.

परवा डिश धुवायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं, की नावं मी झाकणांवर लिहिली होती. डिशवर नाही. पेशींचं खाणं बदलताना दोन्ही झाकणं शेजारी शेजारी काढून ठेवायची माझी सवय. परत लावताना ज्याचं त्याला लावलं का? आठवतच नाही गं. कधी वाटतं, हो, लावलं, मी काय इतकी वेडी आहे का? कधी वाटतं, आहेच. डोक्याचा पार भुगा झालाय. मला जे जिंकायला हवं होतं तेच जिंकलं, म्हणून तेव्हा शंकासुद्धा आली नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पेशी काय झाकणाला उगवतात का?" सगळे हसले. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या डोळ्यातल्या पेशी संपल्या. आता सगळं पहिल्यापासून.

वाटलं होतं, एवढं सांगितलं की मोकळं वाटेल. वाटत नाही. बहुतेक हे सांगायला मी बसलेच नव्हते.

भाऊजी, तुम्ही जरा पाणी प्या, तिलाही द्या, मग पुढचं वाचा.

ताई, तू जिन्यात पडलीस हे मला तू नाही, भाऊजींनी सांगितलं. काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या बाई घरी आल्या होत्या, त्यांना चहा पाजून तू परत पाठवलंस, हेही. "धाकटी डोळे करतेय माझ्यासाठी, काठी काय करायचीय मला?" असं म्हणालीस म्हणे.

मागच्या वेळी तुला तपासायला नेलं, तेव्हा तू औषधांच्या खिडकीपाशी बसली होतीस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तळचा थर बदलून उपयोग कुणाला? ज्याचा वरचा थर जिवंत आहे, त्याला. यांच्या मधल्या भागातला वरचा थरही गेलाय." मी मान डोलावली. बाहेर आले तर तू विचारलंस, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "छान म्हणाले." का म्हटलं, ते माझं मलाच कळत नाही. नजरेच्या कडेनं तरी माझा चेहरा दिसावा म्हणून तू माझ्या कानाशेजारी बघत हसत होतीस. तेवढंच आठवतं.

आता जंगली रेशीम जिंको नाहीतर पाळीव, दोन्हींपैकी कशातही तुझ्यासाठी काही नाही. दुसऱ्या कुणासाठी असेलही. माझा माझ्या कामावर विश्वास आहे की नाही, हे सध्या धड सांगता येत नाही. सकाळी असतो, दुपारी नसतो. काठीवर मात्र आहे.

त्या बाईंना उद्याच फोन कर. मी रजा टाकली आहे, शनिवारी येते. रागावली असशील तर दार उघडू नकोस, मी पायरीवर बसून राहीन. रागावच. मलाही जरा बरं वाटेल.

मला तुझे डोळे परत आणता येणार नाहीत, ताई. भाऊजी, हे वाक्य गाळू नका.

तू बोल अगर बोलू नकोस, तुझीच,
धाकटी