दिवस बुडायच्या आतलं इंजेक्शन

आई, विसरभोळी झालेली म्हातारी माणसं घरात सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांची एकच तक्रार आहे: दवाखाना सगळ्यांना एकाच घड्याळावर चालवतो. ही तक्रार तुला लगेच कळली असती, म्हणून तुलाच लिहिते.

आप्पांना साखर तुझ्यादेखतच होती. आता स्मृतिभ्रंशही जडलाय. माझं नाव ते विसरले, तू गेलीस हेही विसरले. पण दिवस बुडाल्यावर अन्नपाणी नाही, हा आपल्या जैन घराचा नेम हाडात राहिलाय. बेळगावच्या दवाखान्यातून निपाणीला आणलं, तेव्हा रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं ठरलं होतं. पहिल्याच संध्याकाळी घरी येणाऱ्या सिस्टरनं इंजेक्शन दिलं, मी ताट आणलं आणि आप्पांनी तोंड मिटलं.

"दिवस बुडलाय की. काढ ते."

"आप्पा, आजारी माणसाला सूट असते."

"कुणी दिली? तू? तू कोण गं?"

मी सभा गाजवणारी बाई. त्या ताटापुढंही बोलत राहिले, धर्मग्रंथांतले दाखले दिले. आप्पा शांतपणे म्हणाले, "लई बोलतीस बाई. घसा सुकंल." बोलता बोलताच त्यांना दरदरून घाम फुटला, हात गार पडले, जीभ जड झाली. साखर उतरली होती. सिस्टरनं हिरड्यांना ग्लुकोज चोळलं. तरतरी आली ती मला शिव्या देतच.

दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्यासमोर बसली. "आजोबांचा पहिल्यापासूनचा दिवस कसा, ते सांगा." मी सांगितलं, तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी औषध बदललं. आता उन्हं असतानाच ताट; आप्पा किती जेवले ते बघून मग सुई. ती कन्नडमधून आप्पांच्या जुन्या धंद्यातला, तंबाखूचा भाव विचारते आणि जुना भाव सांगता सांगता आप्पा सुईसाठी सदरा वर करतात.

मी दमलेय, आई. सभेत पूर्वीसारखा आवाज चढत नाही. तरी कुणी आपलं माणूस दवाखान्यातून घरी आणलं की जाऊन एवढंच सांगते: पहिली सुई देण्याआधी त्याच्या जेवणाची वेळ डॉक्टरांना सांगा.

हे पत्र टाकणार कुठं? एक मात्र कबूल करते. या नेमाला भर सभेत नावं ठेवणारी मी, हल्ली दिवेलागणीनंतर स्वयंपाकघराचं दार लावून, ताटलीचा आवाज आप्पांपर्यंत जाऊ न देता जेवते.