पाच तासांची बॅटरी

५ ऑक्टोबर २००९

शिरा पडो त्या मेल्या बाबलीच्या तोंडावर! समोरच दुकान थाटलंय आणि गप्प बसेल तर शपथ. आज दारात पुठ्ठा लटकवलाय — "पीएसपी फक्त ९०० रुपये! ९९९९ गेम!" पीएसपी म्हणे! हातात धरून गेम खेळायचं खरं मशीन मी विकते. नऊशेत खऱ्या पीएसपीचं कार्ड आणि कव्हर जेमतेम येतं.

ते डबडं उघडून बघितलंय मी. आत सात-आठ गेम, तेच तेच, नुसता वेग वाढवून पुन्हा पुन्हा मोजलेले. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही. बॅटरी तर अशी, की मालवणहून एसटीत खेळायला घेतलं तर तासाभरावरचं कसाल यायच्या आधी डोळे मिटते. माझं मशीन पाच तास चालतं. पाच!

सांगून सांगून तोंड दुखलं. गिऱ्हाईक शांतपणे ऐकतं, "ता पण गेमच ना गो?" म्हणतं, आणि रस्ता ओलांडून जातं. वर तेच डबडं बिघडलं की दुरुस्तीला माझ्याकडे!

७ ऑक्टोबर

बाबांचं आज पुन्हा तेच. दुकान त्यांचं — मासेमारीची जाळी, दोर, शिशाच्या गोळ्या. त्यातल्या एका कोपऱ्यात माझं काचेचं काउंटर. कुडाळला कोर्स केला, दुरुस्ती शिकले, चार वर्षं एकटी चालवतेय. आणि बाबा अजून लोकांना माझ्याबद्दल सांगतात, "चेडू थंय खेळण्यांकडे आसा."

खेळणी! भोवरे विकते काय मी?

११ ऑक्टोबर

बाबा सकाळी टेप घेऊन माझं काउंटर मोजत होते. लांबी, रुंदी, मागची भिंत. विचारलं तर, "कायक नाय, आसाच."

दुपारी बाबलीच्या बाकड्यावर बसून दोघांचा चहा चाललेला! मला बघून बाबली एकदम पावसापाण्यावर आला. त्याला मोठी जागा हवीय, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. माझा कोपरा द्यायचं ठरतंय, दुसरं काय!

१२ ऑक्टोबर

आज बाबांनी अचानक विचारलं, "ह्या तुझ्या मशीनची बॅटरी खरीच पाच तास चालता?" म्हटलं, हो. "आणि बाबलीची?" तेही सांगितलं. मान हलवली आणि गेले. मेली ती मान! हो की नाही, काही म्हणून कळत नाही.

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

बाबलीकडे जत्रा. माझ्याकडे दोन मशीनं गेली, ती पण घासाघीस करून. एकाने तर विचारलं, मोबाइलवर फुकट गेम असताना हे कशाला?

पूजा झाल्यावर बाबा म्हणाले, "दोन दुकानां एका छपराखाली चालाची नाय, उर्वशे. एक काय ता ठरवूक व्हया. फुडल्या सोमवाराच्या सोमवारी देवाक कौल लावतंय."

"काय विचारणार?"

"ता मी देवाक सांगतलंय."

झालं! मी स्क्रीन समजावते, सॉफ्टवेअर समजावते, हिशेब दाखवते — आणि निकाल कोण देणार? देवाला पाण्याने चिकटवलेल्या दोन पाकळ्या! उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि प्रश्न काय असणार ते सांगायला ज्योतिषी नको. चेडवाचं काउंटर बंद करू काय? तेच.

एकदा तोंडावर बोलले असते तर भांडले तरी असते मी. देवाशी कसं भांडू?

२१ ऑक्टोबर

देवळातला बाळा गुरव, कौलाच्या पाकळ्या लावतो तोच, मशीन घेऊन आला. माझ्याकडूनच घेतलेलं. दुपारी देवळात कुत्रं फिरकत नाही, तेव्हा हा सभामंडपात बसून मोटारी पळवतो. स्वस्त पडते म्हणून बाबलीची बॅटरी घातली, वर नवीन सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. त्यातच लाईट गेली आणि अर्ध्यावर ती बॅटरीही मेली. आता मशीन म्हणजे नुसता दगड.

"आता ह्येचा काय तूच कर गो. घराकडे सांगूक नाय हां मी."

आधी चांगल्या चार शिव्या घातल्या. मग ठेवून घेतलं.

२३ ऑक्टोबर

उठलं! वेगळी बॅटरी, वेगळं कार्ड, पहिल्यापासून सॉफ्टवेअर. स्क्रीनवर उजेड आला तेव्हा दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या मी. बाबा जाळ्यांमागून डोकावून बघत होते. हसल्यासारखे वाटले. भास असेल.

बाळाने पैसे विचारले. म्हटलं, नकोत. आणि मग बोलून गेले. सोमवारी बाबा येतील, तेव्हा डावी पडायला हवी.

आधी त्याचा चेहरा पडला. मशीनकडे बघितलं. मग म्हणाला, "डावी जरा कोरडीच लावतंय. पण पाप तुझ्या माथ्यार हां!"

असू दे माझ्या माथ्यावर. बाबली कुठे पुण्य करतोय?

२६ ऑक्टोबर, सोमवार

बाळाने गाऱ्हाणं घातलं — "बा देवा म्हाराजा, ह्येणी मनात जा काय धरल्यानी आसा, तेचो खरो कौल दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" बाबा डोळे मिटून, हात जोडून. ओठांत काहीतरी पुटपुटत होते.

डावी पडली. टपकन!

आतून नाचावंसं वाटलं. बाबा मात्र उभेच राहिले. बाळाने दोनदा प्रसाद पुढे केला तेव्हा कुठे हात पुढे आला.

२९ ऑक्टोबर

बाबा जेवत नाहीत नीट. बोलत नाहीत. हरल्याचा राग, आणखी काय! मी नवीन माल मागवला.

१ नोव्हेंबर

आज जेवताना बाबा आपणहून बोलले. "जाळी काढून टाकतंय, आखा दुकान आमच्या उर्वशीच्या हातात देवू काय? ता इचारलंय मी. मागच्या भिंतीक तुका कपाटा करूची म्हणान मोजून पण ठेवललंय. पण देवान नाय म्हटल्यान गो. तेका आपल्यापेक्षा जास्ती दिसता."

बाबली जागा मागत होताच, त्यालाच बाबांनी सगळं दुकान भाड्याने दिलं. माझ्या कोपऱ्यासकट.

काय सांगू त्यांना? कुठल्या तोंडाने सांगू!

संध्याकाळी बाळा भेटला. मशीन झकास चालतंय म्हणाला. पाच तास.