गोंड्यासकट चढण

अण्णा, काल आमचे रॉकेट उडाले, आणि ही गोष्ट तुमच्याखेरीज कुणाला सांगावी हे मला सुचेना. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होते. आता तुमची लेक घाटनांदूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. रॉकेट म्हणजे हातभर पुठ्ठ्याची नळी, खाली विकत मिळणारी बोटाएवढी मोटार आणि पोटात ते सावकाश खाली आणणारी प्लॅस्टिकची हवाई छत्री. मोटारीतले जळण बघता बघता संपते. मग रॉकेट मिळालेल्या वेगावर वर जात राहते आणि मोटारीतला दुसरा मसाला धूर सोडत सावकाश जळतो. तो संपला की छोटा बार होऊन छत्री बाहेर फेकली जाते. हा मधला वेळ किती सेकंदांचा, ते मोटारीवर छापलेले असते, आणि तो निवडणे हेच खरे काम. बार अगदी माथ्यावर व्हावा लागतो, जिथे रॉकेट क्षणभर थबकते.

मी पुस्तकातली माणूस. वजन केले, गणित मांडले, सात सेकंदांची मोटार निवडली आणि रॉकेट आठवीच्या मुलींकडे रंगवायला दिले. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर सजवतात तसे सजून ते परत आले: दारांच्या ऑइलपेंटचे तीन हात, त्यावर लाल-हिरवी फुले, आणि दृष्ट लागू नये म्हणून एका पंखाला चांगला जाडजूड काळा गोंडा. मी कौतुकाने पाहत राहिले. पुन्हा वजन करावे, हे मनातही आले नाही.

गेल्या शनिवारी ते जेमतेम वर गेले. धूर सुरू झाल्यापासून मी मोजत होते. चार म्हणायच्या आत ते वळले आणि तोंडघशी खाली निघाले. सातला छत्री उघडली, पण त्या वेगात तिच्या दोऱ्याच तुटल्या. रॉकेट शेजारच्या कपाशीच्या ओल्या रानात रुतले.

"मॅडम, छत्री निघाली की हो परळीला!" एक मुलगी ओरडली.

मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत. "कुनाच्या डोक्यात पडलं असतं म्हंजे? अजून एकदा बघू. न्हाई जमलं तर हा खेळ बंद."

वर्गातली सर्वांत बडबडी मुलगी माझ्याजवळ आली. "आमच्या गोंड्यानं झालं का ओ?" तिने अगदी हळू विचारले.

त्या संध्याकाळी पुन्हा गणित मांडायला बसले आणि तुम्ही सुरुंग लावून लोकांच्या विहिरी खणायचात, त्यांतली एक आठवली. मी भाकरी घेऊन आले आहे. तुम्ही अर्धवट खणलेल्या विहिरीच्या काठावर बसला आहात. "कंपनी काय बी छापू दे," म्हणता आणि सुरुंगाच्या नव्या बत्तीचा वीतभर तुकडा कातळावर पेटवता. तो किती वेळ जळतो ते मी मोजते. मग पहार आणि घण खांद्यावर घेऊन तुम्ही विहिरीत उतरता. "हां, मोज गं बाई!" अशी खालून हाक येते आणि तुम्ही शिडीने वर चढू लागता.

"किती झालं?" तुम्ही धापा टाकत विचारता. मी आकडा सांगते. "लई झालं!"

"सकाळच्या चार भाकरी नडल्या, मिस्तरी," काठावरचा गडी म्हणतो.

"नडू दे. आधी चढण मोजावी, मग बत्ती कापावी. आन् चढण रिकाम्या हातानं न्हाई मोजायची, अवजारासकट."

अवजारासकट! मी अंथरुणातून दचकून उठावे तशी खुर्चीतून उठले. दुसऱ्या दिवशी रॉकेट किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले, गोंड्यासकट. ते पहिल्यापेक्षा दीडपट भरले. आता पेटीत पाचच्या आणि तीनच्या मोटारी उरल्या होत्या. तुम्ही असता तर पाचची उचलली असती, कारण तुमच्या धंद्यात उशिरा झालेला बार म्हणजे जीव वाचलेला. माझ्याकडे तसे नाही. माथा उलटला की प्रत्येक क्षणी वेग वाढतो. म्हणून तुमची पद्धत घेतली, सवय सोडली, आणि तीनची बसवली. गोंडा काढला नाही.

काल सगळी शाळा मैदानाच्या कडेला उभी होती. रॉकेट सुटले, धुराची रेघ उमटली आणि मुली मोजू लागल्या. एक. दोन. तीन म्हणता म्हणता वर 'फट्' झाले आणि कापडदुकानाच्या पिवळ्या पिशवीची छत्री माथ्यावर फुलली! काय आरडाओरडा झाला, अण्णा! मुख्याध्यापक सर्वांच्या पुढे, धोतर सावरावे तशी पँट सावरत तिच्यामागे पळत होते. बांधावरच्या एका आजोबांनी विचारले, "ह्याच्यात कोन बसलंय?" "आमचा गोंडा!" मुली ओरडल्या. मी, जिला वर्गातही मोठ्याने बोलायला संकोच वाटतो, चक्क शिट्टी मारली.

मग त्या बडबड्या मुलीने विचारले, "मॅडम, हे असं मोजायचं कुठं शिकलात?"

"पुस्तकात," मी म्हणाले.

तसे कुठल्याच पुस्तकात नाही, अण्णा. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर तुमचे सुरुंगाचे काम लपवून वडिलांच्या धंद्यापुढे मी 'शेती' लिहीत आले, तसलेच खोटे काल पुन्हा तोंडातून निघाले. हे तिला सांगायचे राहिले, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. आणि ते तिला सांगणे जास्त अवघड आहे, हेही मला ठाऊक आहे.