हिरवं दार आणि नुसते बघणारे

ती. मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी कळवतात की तो आता जिन्याचं नुसतं नाव काढलं तरी कुरकुरतो. इकडे आम्ही बरे आहोत, निदान दिवसा तरी. पत्राचं कारण जिनाच आहे, पण तिथे जरा वळणाने येतो.

आपल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानाची वेबसाइट केल्याचं मागे कळवलं होतं. (तुम्ही उत्तरात "किल्ल्या कर" एवढंच लिहिलंत.) ती मेहुणीने बनवून दिली आणि सोबत एक यंत्रणाही जोडली. लोकांनी इंटरनेटवर काय शोधलं की आपलं दुकान त्यांच्यासमोर येतं, ते ती दाखवते. एका रकान्यात आपण कितीदा दिसलो, दुसऱ्यात लोक कितीदा आत आले. पहिला रकाना वाचून मी शेजारच्या शिंप्याला चहा पाजला. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, दिसणं म्हणजे येणं नव्हे. लोक नुसतं बघून पुढे जातायत." तेव्हापासून दुकानात बसलं की कोणीतरी नुसतंच बघतंय असं वाटायला लागलं.

मग मी त्यांनी शोधलेले शब्द वाचू लागलो. "कपाटाचं कुलूप अडकलं", "डुप्लिकेट किल्ली", इथवर ठीक. त्याखाली होतं, "जिन्याखालचं हिरवं दार". म्हणजे आपल्या दुकानातलंच की! बाबांनी त्याची किल्ली हरवली आणि "उद्या उघडू" म्हणत जन्म काढला. तीच परंपरा मी चालवतोय. (कुलूपवाल्याच्या घरचं कुलूप कोण उघडणार? फुकटचं काम.) पुढच्या आठवड्यात शब्द आले, "हिरवं दार आतून वाजतं". मी म्हटलं, असेल कोणी एखादा टवाळ. मेहुणी म्हणाली, "छे हो. एकट्यादुकट्याचे शब्द ही यंत्रणा लपवते. दिसतायत म्हणजे बरेच जण शोधतायत." एवढा धीर मला आजवर कोणी दिला नव्हता.

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्हीच ते दार दाखवता! घरी जाऊन शोधतात बिचारे." पटलं. पण ते आतून वाजतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. (सांगणार कसा? मलाच ते यंत्रणेकडून कळलं.)

त्यात मी घोडचूक केली. एवढी मागणी दिसतेय, तर पुरवठा करावा, म्हणून वेबसाइटवर हिरव्या दाराचं एक पान लिहिलं, फोटोसकट. ते शोधात थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. आता दुसरा रकानाही भरतो. लोक येतात, पण किल्ली करायला नाही, दाराला कान लावायला. ऐकतात, एकमेकांकडे बघतात आणि निघून जातात. काय ऐकलं ते मला सांगत नाहीत. खरं गिऱ्हाइक म्हणतं, "याला स्वतःचं दार उघडेना, हा आमचं काय उघडणार?" किल्ल्यांचं मशीन धूळ खातंय. बायकोने निर्वाणीचं सांगितलंय, एक तर ते दार उघडा, नाहीतर दुकानाला कुलूप लावा. मामा, तुमचा हात लागला की कुलूप ऐकतं. गुडघ्याला विचारून याल का?

तुमचा भाचा

ता. क. येऊ नका. पत्र पाकिटात घालता घालता लाज वाटली आणि भर दुपारी मीच दार उघडलं. आत एक केरसुणी आणि रंगाचा वाळलेला डबा. बायको पोट धरून हसली. ते पान काढून टाकलं. पत्र टाकायचं आठवडाभर राहूनच गेलं, तोवर गिऱ्हाइकं परत यायला लागलीत.

आणखी एक. दाराची आतली बाजू हाताच्या उंचीवर घासून गुळगुळीत झाली आहे. (बायको म्हणते, उंदीर. उंच असावेत.)

अगदी शेवटचं. पान काढलं तरी यंत्रणा बघायची सवय काही सुटत नाही. आज नवे शब्द आलेत, "हिरवं दार बाहेरून बंद कसं करायचं". म्हणजे बरेच जण शोधतायत. तेव्हा तुम्ही स्वतः घडवलेलं ते मोठं पितळी कुलूप मिळेल त्या गाडीने पाठवा. किल्ली पाठवू नका. आणि उत्तर पत्रानेच द्या. घरात कोणालाही हे शोधून बघू देऊ नका. आकडा वाढतो.