खाणीतल्या घुबडाचा फोटो

दि. ९ जानेवारी

चि. बोकोबास अ. उ. आ.

तू सुखरूप पोहोचल्याचं कार्ड मिळालं. चार दिवस राहिलास, घर भरल्यासारखं वाटलं. तुझा एक मोजा खाटेखाली सापडला. पन्नाशी उलटली तरी तुझा दुसरा मोजा कुठे आहे हे मलाच माहीत असावं लागतं.

आता कामाचं. घुबडाची मादी दोन्ही अंड्यांवर घट्ट बसली आहे. तू गेल्यावर मी आणि मास्तर दोनदा खाणीत जाऊन आलो. मास्तरांनी शिवलेल्या त्या मातकट पडद्यामागे तास-तासभर बसलो. मास्तर जन्मभर सुईत दोरा ओवणारा माणूस, त्यांना दुर्बीण लागतच नाही. मला मात्र कपारीत ती शोधायला अजून वेळ लागतो. कानावरची पिसं हलली की कळतं, हा दगड नव्हे.

प्राणिसंग्रहालयात अठ्ठावीस वर्षं जनावरांचं खाणं कापलं नि तोललं, पण मोकळं जनावर असं रोज बघायचं भाग्य निवृत्तीनंतर लाभलं. तू लहान असताना बंदच्या दिवशी तुला आत न्यायची, तेव्हा शिकवलेलं विसरला नाहीस हे बघून बरं वाटलं. हाक मारायची नाही, खडा मारायचा नाही, ते आपणहून वळेपर्यंत थांबायचं. त्या दिवशी खाणीत फोटोसाठी अडीच तास थांबलास. इतका वेळ तू स्वतःच्या लग्नातही एका जागी बसला नव्हतास.

फोटो हवा त्याला दाखव, पण जागा सांगू नकोस. ही गोष्ट आपल्या तिघांत आहे. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. पिल्लं उडेपर्यंत, एप्रिलपर्यंत तरी कळ काढ. तू मला शब्द दिला आहेस.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. मोजा पोस्टाने पाठवत नाही, तो न्यायला तरी ये.

तुझी ताई


दि. २४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी! आमच्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात आपल्या घुबडाचा फोटो पहिला आला. सोबत दोन प्रती पाठवतो आहे, एक तुला, एक मास्तरांना. डोळ्यांतला नारिंगी रंग बघ, कागदावर जसाच्या तसा उतरला आहे.

सव्वीस वर्षं एक्स-रे काढतो आहे, पण काय सुरेख टिपलंस असं कुणी म्हटलं नाही. मोडलेल्या हाडाकडे बघून म्हणणार तरी कोण? मंडळातही नऊ वर्षं मी मागच्या खुर्चीचा मालक. या शनिवारी चिटणीसांनी हाताला धरून पुढे बसवलं, बाजूला माणसं उभी. जो तो एकच विचारतो, कुठे मिळालं? मी आपला हसतो. फोटोखाली जागेचं नाव घातलेलं नाही, तेव्हा तू निश्चिंत राहा.

मास्तरांना नमस्कार सांग. त्यांच्या पडद्याशिवाय हे जमलं नसतं. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा बोकोबा


दि. ७ फेब्रुवारी

चि. बोकोबास अ. उ. आ.

हे पत्र लिहायला दोन दिवस मन धजलं नाही. घरटं गेलं.

रविवारी सकाळी मी एकटीच गेले होते. खाणीच्या तोंडाशी पाच मोटारी. आत पंधरावीस माणसं, हातभर लांबीचे कॅमेरे, एकाने तर घडीची खुर्ची आणलेली. मादी मान वळवीना, म्हणून कुणी टाळ्या वाजवत होतं. मग एकाने खडा मारला, दुसऱ्याने मोठा मारला. ती उठली आणि सगळ्यांचे कॅमेरे एकदम कडकडले. पिंजऱ्याची जाळी बडवणाऱ्यांशी मी अठ्ठावीस वर्षं भांडले, पण तिथे निदान मध्ये जाळी होती. मी ओरडले, तर एक जण म्हणाला की आजी, फोटोत येताय, जरा बाजूला व्हा.

ती दुपारपर्यंत परतली नाही. अंडी थंड पडली असणार. संध्याकाळी जाऊन बघते तर कावळ्यांनी उरकलेलं.

तिघांची गोष्ट चौथ्याला कळली ती मास्तरांकडूनच. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकं येतात, मापं घेता घेता गप्पा होतात. मी सरळ दुकानात गेले आणि चार बायकांसमोर त्यांना सुनावलं की तुमची कात्री बरी, ती कापते तेवढंच कापते, तुमची जीभ सगळंच कापते. ते काहीच बोलले नाहीत. खरं असतं म्हणूनच माणूस गप्प बसतो, नाही का? तो मातकट पडदाही मी त्यांच्या मशीनवर ठेवून आले.

मन थाऱ्यावर नाही. सवडीने दोन ओळी लिही.

तुझी ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. काय लिहावं सुचत नाही. सध्या विभागात एक यंत्र बंद आहे, त्यामुळे कामाचा ढीग पडला आहे.

मास्तरांवर इतकी रागावू नकोस. बातमी कशी फुटते ते सांगता येत नाही. जुना माणूस आहे, सोडून दे. तब्येतीला जप.

तुझा बोकोबा


दि. १२ मार्च

चि. बोकोबास अ. उ. आ.

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. इतकं कमी तू शाळेच्या पेपरातही लिहीत नव्हतास. बरा आहेस ना?

मी ठीक आहे. सकाळी पाचला सवयीने जाग येते, बूट घालते आणि मग आठवतं की जायचं कुठे? मास्तर येत नाहीत, मीही बोलावत नाही. आठ वर्षं आम्ही बरोबर हिंडलो. शंभर शब्द बोललो असू की नाही कोण जाणे, पण समोर काही दिसलं की दोघंही एकदम थांबायचो. त्याची फार आठवण येते. पण विश्वास गेला की गेलाच. मास्तरांची प्रतही माझ्याकडेच पडून आहे.

माझा आधार एवढाच की तू शब्द पाळलास. तुला मी लहानपणापासून बडबड्या म्हणत आले आणि वेळ आली तेव्हा तूच खरा निघालास. त्याबद्दल तुझी पाठ थोपटायची राहिली होती, ती आज थोपटते.

घरच्यांना आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहेच.

तुझी ताई


दि. २८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझी पाठ थोपटू नकोस. जागा मी सांगितली.

ज्या शनिवारी चिटणीसांनी मला पुढे बसवलं, त्याच दिवशी. त्यांनी बाहेर चहा पाजला आणि म्हणाले की आपल्यातच राहील. मी एक्स-रेच्या पाकिटामागे नकाशा काढून दिला. नाका, वजनकाटा, खाणीकडे वळणारी गाडीवाट, सगळं. फक्त एकालाच सांगितलं, असं मी स्वतःला समजावत होतो. परवा चिटणीसांना जाब विचारला, तर तेही म्हणाले की त्यांनी फक्त एकालाच सांगितलं.

तुला लिहिलं तेव्हा नकाशा देऊन झाला होता. निश्चिंत राहा असं लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही, याची आता किळस येते. ताई, खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

पण त्याहून वाईट पुढचं. तू मास्तरांना बोललीस हे वाचलं, त्याच दिवशी मी लिहायला हवं होतं. लिहायला बसलो आणि यंत्र बंद पडल्याचं लिहिलं. यंत्र बंद नव्हतं. माझ्या वाटणीचं एका म्हाताऱ्या माणसाने सोसलं आणि मी सोसू दिलं. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव, किंवा मी येऊन त्यांच्या पाया पडतो.

काय शिक्षा द्यायची ती दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा बोकोबा


दि. १४ एप्रिल

चि. बोकोबास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुकानात गेले. चार बायकांसमोर बोलले होते, म्हणून दुकान भरण्याची वाट बघितली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चूक झाली, बोलणारा माझाच भाऊ होता.

मास्तर म्हणाले, अहो, मी विसरलोसुद्धा. मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. फोटो दिला तर तो नीट पुसून भिंतीला लावला. मी म्हटलं, उद्या सकाळी येता का? ते म्हणाले, गुडघे दुखतात.

परवा मी त्यांना नदीच्या बाजूने येताना पाहिलं. चांगले झपाझप चालत होते. मला बघून हात केला आणि पलीकडच्या गल्लीत वळले.

तुझा राग येतो, खूप येतो. पण सुतावरून स्वर्ग गाठला तो मी. तू भाऊ म्हणून तुझ्यावर शंकाच घेतली नाही, आणि ते परके म्हणून त्यांना विचारलंही नाही. आठ वर्षांत त्या माणसाने कुणाबद्दल वावगा शब्द काढला नव्हता, हे मला तेव्हा आठवायला नको होतं का? तू इकडे येऊन पाया पडण्याचं नाटक नको. त्यांना आणखी अवघडल्यासारखं होईल.

पत्र बंद करणार नाही. तेवढी मोठी शिक्षा मलाच सोसवणार नाही.

तुझी ताई


दि. ११ डिसेंबर

चि. बोकोबास अ. उ. आ.

कॅमेरा विकून टाकल्याचं लिहिलंस. मी तसं सांगितलं नव्हतं. बैल गेला अन् झोपा केला, असला प्रकार. तुझा हात चांगला आहे, पुन्हा घे. सुट्टीत सगळ्यांना घेऊन ये, वरची खोली झाडून ठेवली आहे. सांधे जरा कुरकुरतात, बाकी मी बरी आहे.

मास्तर मागच्या महिन्यात मुलीकडे राहायला गेले, कायमचेच. निरोप घ्यायला आले होते, दारातूनच बोलले. आत या म्हटलं, पण गाडीची वेळ झाली होती.

आता एक गोष्ट लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं, पण पोटात मावेना म्हणून लिहिते. जोडी पुन्हा बसली आहे. खाणीत नाही, भलतीकडेच. तीन अंडी आहेत. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी सवयीने शेजारी वळून बघितलं, तर शेजारी कुणी नव्हतं.

कुठे, ते विचारू नकोस. तू आलास की पोटभर जेवू घालीन, शेजारी बसवून जुने सगळे फोटो बघू. पण सकाळी मी एकटीच जाईन आणि तू झोपून राहा. लोभ आहे, तो काही कमी झालेला नाही.

तुझी ताई