प्रसादाचा गूळ

सोनई, गुरुवार, संध्याकाळ

कॅन्सरची गाठ साखरेवर वाढते असं ऐकून महिनाभर सुमनला गोड दिलं नाही, भात-भाकरीही तोडली. आरतीनंतरचा गूळसुद्धा मी तिच्या तळहातावरून उचलला. "देवाचा गूळबी गाठीलाच जातो व्हय?" ती म्हणाली होती.

आज नगरला डॉक्टर म्हणाले, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणारी एन्झाइम्स असतात. साखर बंद केली तरी त्यांच्या जोरावर गाठ चरबी, प्रथिनं, मिळेल ते जाळून वाढते. "तुम्ही गाठीला नाही, बायकोला उपाशी ठेवलंत." तिचं वजन घटलं म्हणून केमो पुढे ढकलली.

तो गूळ मी का उचलला? देवाला काय वाटलं असेल?

आज आरतीनंतर मोठा खडा दिला. तिने अर्धा मोडून माझ्याच हातावर ठेवला. "धरा. तुमीबी लई वाळलाय."