गाण्यातला अण्णा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
रविवार, ता. ११ डिसेंबर १९३८

चिरंजीव गुरुलिंग यास अत्तिगेचा, तुझ्या वहिनीचा, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझ्या कवितांच्या पुस्तकाचं पार्सल, दोन्ही पोचलं. पुस्तक देखणं झालंय. वरच्या पानावर बेटाचं चित्र, निळा समुद्र, मागं उगवता सूर्य. पोस्टमननं विचारलं, "आपल्या गुरुलिंगाचं हाय का?" मी व्हय म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पुण्याच्या थंडीत तुझा दमा कसा आहे? दिवसभर वर्गात ओरडून घसा बसत असेल. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवत जा. इकडं थंडी कोरडी आहे, ओठ फुटतात. मी आता गिरणीत रिळं भरायच्या खात्यात जाते. काम जड नाही. सासूबाईंची तुळस मात्र यंदा जळाली.

पुढच्या महिन्यात पुस्तकाचा समारंभ आहे, अण्णांना घेऊन ये, त्यांना व्यासपीठावर मधोमध बसवायचंय, असं तू लिहिलंस. शिवाय नव्या कवितेसाठी विचारलंस, की तीस सालच्या गोळीबाराच्या दिवशी जमावाच्या पुढं होताना अण्णांच्या मनात काय होतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकून कळव. हे वाचल्यापासून मी उत्तर लिहायला बसते आणि उठते. तू सात वर्षांचा असल्यापासून मी तुला न्हाऊमाखू घातलंय, तुला पत्र लिहायला मला कधी अवघड गेलं नव्हतं.

आधी त्यांचं सांगते. ते काळ्या पाण्याच्या बेटावरून सुटून आले तेव्हा तू स्टेशनवर बँड आणि हार घेऊन आला होतास. दोन दिवस राहिलास आणि शाळा बुडते म्हणून गेलास. त्यानंतर ते खात्याचा मुकादम महादेवप्पा जॉबर याच्या ओळखीनं गिरणीत गेले. पण आठ वर्षं काथ्या कुटून बोटं वाकडी झालेली. तुटलेला धागा त्यांना सांधता येईना. ज्या हातांना सगळं खातं मानायचं, त्या हातांतून धागा निसटायचा. महादेवप्पा भला माणूस, तो म्हणाला, "चन्नप्पा, बसून राहा, मी बघतो." हे दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत.

एकदा मी जेवताना विचारलं, "तुमच्या भावाची गाणी तितं कळली का?" तर म्हणाले, व्हय, कळली की. शेजारच्या कोठडीत मिरजेकडचा एक पोरगा नवा आला होता. सगळ्यांनी अन्न सोडलं होतं तेव्हाची गोष्ट. तो पडल्या पडल्या बारीक आवाजात म्हणायचा:

देशाच्या त्या टोकावरती बेट उभे ते पहाऱ्याला,
अण्णा माझा तिथे जागतो, झेंडा त्याच्या खांद्याला.

यांनी ओळखलं, की हे आपल्या गुरुलिंगाचं. गाणं संपल्यावर त्या पोरानं भिंतीपलीकडून विचारलं, "ह्यो अण्णा कोन असंल वो?"

"असंल कुनीतरी," हे म्हणाले.

मी म्हटलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "त्यो त्या गाण्यावर जगत हुता. मी हितंच हाय, मला खांदा उचलत न्हाय, असं सांगून काय मिळालं असतं? उलट मी त्याला रोज म्हनायला लावायचो. जगला पोरगा."

म्हणून तुझं गाणं वाईट आहे, असं मी म्हणत नाही. हे आधी ध्यानात घे.

उन्हाळ्यात इथल्या मंडळींनी गिरणीमागच्या मैदानात सत्कार केला. तुला ते कळवलं होतं, पण तिथं काय झालं ते कळवलं नाही. मुलींनी तुझं गाणं म्हटलं. मग यांना बोलायला उभं केलं. हे म्हणाले, "बेट हिरवं हाय. पाऊस लई. समुद्र मला दिसत न्हवता, नुसता ऐकू यायचा. आपल्याकडं पान्याचा आवाज कुटं असतो? म्हनून सुरवातीला बरं वाटायचं. मग नको वाटाय लागलं. मला रोज घरची आठवन यायची." एवढंच बोलून बसले. लोक पुढचं ऐकायला थांबले होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मुलींना पुन्हा गाणं म्हणायला सांगितलं. येताना रस्त्यात मला म्हणाले, "त्यांना दुसरंच बेट पायजे. त्यांचं बी चुकत न्हाय." त्यानंतर घराकडं फारसं कुणी आलं नाही.

खोकला आहे, असं मी तुला दोन पत्रांत लिहिलं. तो साधा खोकला नव्हता. डॉक्टरांनी क्षय सांगितला. चाळीतली हवा नको म्हणून दसऱ्याच्या आधी त्यांना कुंभारीला आत्याच्या शेतावर नेलं. आत्या अंगणात बाज टाकून द्यायची, ते तिची शेळ्यामेंढ्यांची धांदल बघत पडून राहायचे. तिथं थोडं हसायलाही लागले होते.

गुरुलिंगा, ते आता पुण्याला येणार नाहीत. दिवाळी झाल्यावर पहिल्या सोमवारी दुपारी ते गेले. स्वामी आले, विभूती लावली, विहिरीकडच्या बांधाला आपल्या रीतीनं त्यांना मातीत बसवून पुरलं. महादेवप्पा होता, आत्या होती, शेजारचे पाचसहा लोक होते. तुला तार मी केली नाही. आत्या रागावली, महादेवप्पानं तर तार करायला पैसे काढले होते. मी नको म्हणाले. तार केली असती तर तू एकटा आला नसतास. झेंडा आला असता, फोटो काढणारा आला असता, आणि मातीवर उभं राहून सगळ्यांनी ते गाणं म्हटलं असतं. जायच्या आधी त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं, "माझ्यावर गानं म्हनू देऊ नको. बाकी काय बी करा."

सख्ख्या भावाला शेवटचं तोंड बघू दिलं नाही. तू मला काय म्हणशील ते म्हण. मी ऐकून घेईन.

दुसरं एक वचन घेतलं होतं, फार जुनं. ते आज मोडते, कारण तू विचारलंयस, आणि नाही सांगितलं तर तुझ्या मनानं काहीतरी लिहिशील.

त्या दिवशी गोळीबाराची बातमी आली तेव्हा तू सकाळपासून घरात नव्हतास. सासूबाई उंबऱ्यात बसून रडत होत्या. हे भाकरी खात होते. मीच म्हणाले, "बसलाय काय? पोराला हुडका जावा." ते ताटावरून उठले. झेंडा, सभा, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते तुला हाका मारत जमावात शिरले. पोलीस आले तशी माणसं पळाली. हे पळाले नाहीत, कारण पाठमोरा एक पोरगा त्यांना तुझ्यासारखा दिसला. त्याच्या मागं गेले आणि सापडले. कोर्टात साक्षीदारानं सांगितलं, हा पुढं होऊन ओरडत होता. ओरडत होते ते खरं. तुझं नाव ओरडत होते.

ते कोर्टात बोलले असते तर तूही जमावात होतास असं धरून पोलिसांनी तुला शोधलं असतं. म्हणून बोलले नाहीत. मी तुरुंगात भेटायला गेले तेव्हा जाळीपलीकडून ते मला म्हणाले, "त्याला कळू देऊ नको. शिकंना झालं तर सगळं वायाच गेलं म्हनायचं."

आणि तू त्या दिवशी कुंभारीला विहिरीत पोहत होतास. संध्याकाळी ओल्या केसांनी घरी आलास, आणि अण्णा कुठायत म्हणून विचारलंस. तेव्हाचं तुझं तोंड मला अजून दिसतं. तुझी चूक नव्हती. माझीही नव्हती, असं मी रोज स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी पटत नाही.

पुस्तक मागं घे, असं मी सांगणार नाही. पोरांना ते गाणं लागत असेल तर लागू दे. पण नवी कविता करू नकोस. आणि केल्यावाचून राहवलंच नाही, तर त्यांच्या हातात झेंडा देऊ नकोस. त्या दिवशी ते हात रिकामे होते, तुला धरून घरी आणायला.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. एकटा ये. स्टेशनवर कुणाला कळवू नकोस, चाळीकडंही येऊ नकोस, सरळ कुंभारीला जा. आत्या जागा दाखवील. तिथं रडायला मोकळं आहे, ऐकायला कुणी नाही.

तुझी अत्तिगे,
चन्नप्पाची नागम्मा